सातवा गडी

शनिवार सरांना मी शनिवारी शिट्टी वाजवताना कधीच पाहिलं नाही. इतर सहा दिवस ती त्यांच्या तोंडातून निघत नसे. बोलायचं झालं तर ओठाच्या एका कोपऱ्यात सारून बोलत. सर रेल्वेत गार्ड होते. सकाळी नाशिक रोडच्या फलाटावर गाडीसाठी वाजणारी शिट्टीच संध्याकाळी मैदानावर आमच्यासाठी वाजे. शुक्रवारी सूर्य कलला की ती खिशात जाई आणि शनिवारी दिवेलागण होऊन गेल्याशिवाय बाहेर येत नसे. शनिवारी सर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मैदानाकडेच्या दगडी कट्ट्यावर नुसते बसत. "शिकवणं हे काम आहे, आणि आज काम नाही," असा त्यांचा निवाडा होता. पण आमचा खेळ बघवत नसे, मग ते खोकत. एक खोकला म्हणजे ऑफसाइड, दोन म्हणजे 'अरे गाढवा, पास दे'. लागोपाठ तीन आले की आमचा सेंटर हाफ आपणहून बाहेर येऊन बसायचा.

सर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले ज्यू. माझ्या आईला बरीच वर्षं वाटायचं, की हा ख्रिश्चनांतलाच काहीतरी प्रकार असेल. एकदा तिने त्यांना नाताळच्या शुभेच्छाही देऊन टाकल्या. सर चिडले नाहीत. "वहिनी, आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. धंदा गेला, सुट्टी तेवढी राहिली," असं म्हणून त्यांनी चहा मागून घेतला. 'शनिवार सर' हे नाव त्यानंतर पडलं आणि ते त्यांनी हौसेने मिरवलं.

दर चार वर्षांनी इस्राएलमध्ये जगभरच्या ज्यूंचे खेळ भरतात. ऑलिंपिकसारखंच संचलन, झेंडे, सगळं. सर तरुणपणी इथून गेलेल्या क्रिकेट संघाबरोबर सामान सांभाळायला म्हणून गेले होते. क्रिकेटचं काय झालं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पुरुषांच्या फुटबॉलची फायनल मात्र शंभर वेळा सांगितली. "कुठल्या कुठल्या देशांच्या टीमा रे! बोटभर देश, आणि अकरा पोरं उभी. आपण एवढे, आणि आपण नाही." त्यांची इच्छा तेवढीच होती. एकदा, फक्त एकदा, त्या मैदानावर भारताच्या निळ्या जर्सीत अकरा पोरं उभी करायची. जिंकण्याचं पुढे बघू म्हणायचे, आणि तेही आमच्या समाधानासाठी म्हणत असावेत.

पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांच्या समाजाची घरं आधीच मोजकी, त्यात फुटबॉल खेळणारी पोरं त्याहून मोजकी. सर ठाण्याला जात, पनवेलला जात, अलिबागच्या आसपासची गावं पालथी घालत. एखादा चांगला पोरगा हाती लागला, की सुट्टीत त्याला नाशिक रोडला आणून स्वतःच्या घरी ठेवत, आमच्याबरोबर पळवत, दोन-तीन वर्षांत तयार करत. तो तयार झाला की त्याच्या घरचे गाशा गुंडाळून कायमचे इस्राएलला जात. तिथला नागरिक झालेला मुलगा मग भारताच्या संघात कसा चालणार? "मी म्हणतो खेळायला चला, आणि ही लेकाची राहायलाच जातात," सर हसत म्हणायचे. हे हसणं मी पंधरा वर्षं ऐकलं. शेवटी शेवटी ते ऐकवत नसे.

मी गोलकीपर. सरांनीच केलेला. "गायधनी, हातांना साबण लावून येतोस का?" हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो, पण जिल्ह्यात माझ्याइतका बरा गोलकीपर त्या काळात दुसरा नव्हता, हे तेही खासगीत मान्य करत. त्यांच्या संघाला मात्र गोलकीपर मिळेना. शेवटी ठाण्याचा एक जाड चष्म्याचा मुलगा गोलात उभा केला. तो चेंडूपेक्षा चष्म्याला जास्त जपायचा. सरावाला समोर आमचा नाशिकचा संघ असे आणि आम्ही त्यांची अगदी धूळधाण उडवत असू. एकदा मीच म्हणालो, "सर, मला न्या. तुमच्यात गावाला 'कर' लावून आडनाव होतं ना? मी पळशाचा. पळसेकर म्हणून घाला नाव." सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "नुसता कर लावून कोणी ज्यू होत नाही, गायधनी. तसं असतं तर निम्मा महाराष्ट्र आमचाच झाला असता." सगळे हसले, मीही हसलो. मी निम्मी थट्टा केली होती आणि निम्मं खरं बोललो होतो, हे सरांना कळलं होतं. नियमात बसत नव्हतं आणि नियमाबाहेरचं काही सरांना जमत नव्हतं.

आणि एका वर्षी जमलं. चौदा पोरं, चौदा पासपोर्ट, तिकिटं, जर्सी, सगळं. कप्तान सरांचा मुलगा डॅनी. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्यात. निघायच्या आधी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, घरी मलिदा केला. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वर फळांच्या फोडी. नवस बोललेला असला की त्यांच्यात एलियाहू पैगंबराच्या नावाने हा करतात. प्रार्थनेतलं आम्हाला काही कळलं नाही, पण आम्ही सगळे डोक्यावर रुमाल टाकून बसलो होतो. काकू माझ्या पानात दुसऱ्यांदा वाढताना म्हणाल्या, "आता एक गोल तरी मारू दे रे त्यांना. नवस मी तेवढाच बोललेय." सर खुर्चीत ताठ बसले होते. इतकं सुखी मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

गोल झाला नाही. पहिल्या मॅचमध्ये सात खाल्ले, दुसऱ्या मॅचमध्ये नऊ. सर रोज फोटो पाठवायचे, त्यात पोरं रांगेत उभी, छाती पुढे, चेहरे उन्हाने भाजलेले. शेवटची मॅच कुठल्यातरी खालच्या नंबरासाठी होती. तिचा फोटो आला नाही. तीन-चार दिवसांनी सर परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर डॅनी नव्हता. काकूंनी दार लावून घेतलं आणि महिनाभर सर मैदानावर फिरकले नाहीत.

काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, एका दुपारी, त्या दगडी कट्ट्यावर.

"गुरुवारी मॅच होती, चार वाजता. सकाळी नाश्त्याला डॅनी आला. म्हणाला, पप्पा, माझा पासपोर्ट द्या. मी म्हटलं, आज मॅच आहे. तर म्हणतो, आज गुरुवार आहे, पप्पा. उद्या ऑफिस बंद, परवा शनिवार, शब्बाथ, रविवारी आपलं विमान. नाव नोंदवायचं तर आजच."

"कसलं नाव?" मी विचारलं.

"तिथे राहायचं. आमच्यातल्या माणसाने तिथे जाऊन सांगितलं की मी आता इथेच राहतो, की कागद सुरू होतात. डॅनीच्या मागे आणखी सात जण उभे. कुणाची मावशी तिथल्या लोद गावात, कुणाचा काका दिमोना गावात. नातेवाईक गाड्या घेऊन बाहेर थांबलेले. सगळ्यांना ठाऊक होतं, गायधनी. मला सोडून सगळ्यांना."

"अडवायचं होतंत."

"पासपोर्ट माझ्याच बॅगेत होते. बॅग देत नाही म्हटलं असतं तर मॅच झाली असती." "पस्तीस वर्षं रेल्वेत काढली. ज्याच्याकडे तिकीट आहे त्याला गाडीतून खाली उतरवता येत नाही रे. एकेक पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, ज्याचा त्याला दिला."

सहा पोरं उरली. सर त्या सहांना घेऊन मैदानावर गेले, जर्सी घालायला लावल्या, रांगेत उभं केलं. फुटबॉलमध्ये सातपेक्षा कमी गडी असले तर सामना सुरूच करता येत नाही. हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं. पंचाने दोनदा मोजले. समोरच्या संघाचा कोच भला माणूस होता. तो म्हणाला, निकाल लागायचा तो लागू दे, आमची पाच पोरं तुम्ही घ्या, मैत्रीची म्हणून खेळू. एवढ्या लांबून आलात. ती पाच पोरं निळ्या जर्सी घालायला पुढेही आली.

"मी नाही म्हटलं," सर म्हणाले. "म्हटलं, इंडियाच्या जर्सीत इंडियाचीच पोरं खेळतील. पोरांना म्हटलं, चला, बसमध्ये बसा. आपला तो चष्मेवाला हात जोडायला लागला, सर, खेळू द्या ना. दोन मॅचमध्ये सोळा गोल खाल्लेला पोरगा, खेळू द्या म्हणून रडत होता. मी त्याचं ऐकलं नाही. जे गेले त्यांचा राग मी त्या सहांवर काढला. ज्यांनी मला सोडलं नव्हतं, त्यांच्यावर."

मी बोलायला नको होतं, पण राहवलं नाही. "सर, मला नेलं असतं तर सात झाले असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं नाही, हेच वाईट होतं. "तुला न्यायचं तर तू आमच्यातला हवास. आणि आमच्यातला असतास, तर त्या सकाळी तूही पासपोर्ट मागितला असतास."

डॅनीचा मला फार राग आला होता, थोडा अजून आहे. पण सातपूरच्या कारखान्यात कंत्राटावर बारा बारा तास मोल्डिंग मशीनवर उभं राहणारा डॅनी मी पाहिला होता. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचा मी फार विचार करत नाही.

सर पुन्हा मैदानावर येऊ लागले, पण शिट्टीतला दम गेला होता. उरलेल्या सहांपैकी पाच जण पुढच्या दोन वर्षांत इस्राएलला गेले. चष्मेवाला ठाण्यातच आहे. त्याने फुटबॉल सोडला. सर त्याला फोन करायचे, तो उचलत नसे. डॅनीचं तिकडे लग्न झालं, मुलगा झाला, आणि काकूंचा धीर सुटला. "तुम्ही बसा तुमच्या कट्ट्यावर, मी नातवाकडे चालले," असं म्हणून त्यांनी एकट्याने कागदपत्रं करायला घेतली. सर दोन वर्षं अडून बसले. मग गुडघे गेले, जिना चढवेना, औषधाच्या वेळा चुकायला लागल्या आणि एका पावसाळ्यात त्यांनीही सही केली. निघताना आम्ही सगळे जमलो होतो. सर प्रत्येकाला फक्त पासवरून शिव्या देत राहिले आणि आम्ही त्या खाली मान घालून खाल्ल्या.

ते दर रविवारी फोन करतात. यंदा पुन्हा त्या खेळांची बातमी आली, तेव्हा मी भीत भीत विषय काढला. भारताची फुटबॉल टीम नाही, म्हणाले. कोणी विचारलंदेखील नाही. मग एकदम म्हणाले, "गायधनी, आपल्या नाशिक रोडला आमचं कोण कोण उरलंय रे आता?"

मी आठवून पाहिलं. स्टेशनमागच्या चाळीतलं घर आधीच गेलं होतं, देवळालीच्या बाई लेकीकडे गेल्या होत्या. "कोणी नाही, सर."

"नीट आठव. एखादं म्हातारं माणूस तरी असेल."

"नाही, सर. तुमच्यानंतर कोणीच नाही."

पलीकडे नातवाचा आवाज येत होता. तो त्यांना मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी विचारत होता.

"म्हणजे शेवटचा मीच निघालो," ते म्हणाले.

नाही म्हणावंसं फार वाटलं. पण ते खरं होतं, आणि त्यांनीच आम्हाला खोटं बोलू दिलं नव्हतं. मी "हो, सर" म्हणालो.