मुद्दाम बेसूर

तळघरातल्या स्टुडिओत एकतीस वर्षं काढलेल्या त्या रेकॉर्डिस्टला सगळे 'सायलेन्स' म्हणत. प्रत्येक टेकआधी काचेमागून तो हा शब्द असा ओरडे, की गाणारा तिथेच अर्धा गार पडे. बाहेरचा एक आवाज रेकॉर्डमध्ये शिरू द्यायचा नाही, हा त्याचा नेम. गायिकांना त्याने बांगड्या उतरवायला लावल्या होत्या आणि एका व्हायोलिनवाल्याला, श्वास घ्यायचा तर बाहेर जाऊन घ्या, म्हणून सांगितलं होतं. सूर सुटला की मग विचारूच नका. रात्री जेवताना बायकोपुढे त्या गाणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. ती निमूट वाढत राही.

अशा माणसाच्या पदरी तो प्रयोगशील रॉक बँड पडला. चार पोरं. ड्रमरने स्टुडिओतल्या लोखंडी कपाटाला लाथा घातल्या, गिटारवाला चमच्याने तारा खरवडत होता, आणि गायक गाणं सोडून सगळं करत होता.

"हे गाणं आहे?" सायलेन्सने विचारलं.

"काका, आम्ही गाणं मोडतोय."

"मोडायला आधी ते असावं लागतं, बाळा."

दुपारी चौघं जेवायला गेले. सायलेन्स माइकसमोर वायरी गुंडाळत एकटाच त्यांना शिव्या घालू लागला. एकाला ताल नाही, दुसऱ्याला लाज नाही, आणि आईबापांचे पैसे वर आलेत. शिव्यांनीही समाधान होईना, तेव्हा तो "गाणं असं असतं, गाढवांनो!" म्हणाला आणि स्वतःच गायला लागला. कॉलेजात असताना स्वतः बांधलेली चाल होती. वरच्या सुरावर आवाज फाटला. त्याने पुन्हा घेतला, पुन्हा फाटला.

काचेमागे परतला तर लाल दिवा चालूच! रेकॉर्डिंग बंद करायला तोच विसरला होता. ते तिथल्या तिथे पुसून मोकळं व्हायचं, पण गिऱ्हाइकाने हो म्हटल्याशिवाय काही पुसायचं नाही, हा दुसरा नेम आडवा आला. म्हणून त्याने फाइलला नाव दिलं, 'टाकायचं'. आता आपल्या भाषेत कचरा टाकतात आणि भाजीत मीठही टाकतात. फाइली नेऊन पुढची जुळवाजुळव गायक घरी करणार होता. अक्कल गुडघ्यात असलेल्या त्या पोराने मिठाचा अर्थ घेतला आणि ते अल्बमच्या शेवटी जोडून दिलं.

अल्बम निघाला. आठवडाभर कुत्रंही फिरकलं नाही. मग एका समीक्षकाने लिहिलं. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे, शब्द मात्र पोत्याने. शेवटची चार मिनिटं म्हणजे 'सुराच्या हुकूमशाहीचा अंत' आहे म्हणे! एक मेंढरू उडी मारेपर्यंतच उशीर होता. बाकीच्यांनीही भराभर तेच लिहिलं.

सायलेन्सने गायकाला फोन लावला. "ते आधी काढ!"

"काका, तुम्हीच लिहिलं होतंत ना, टाकायचं?"

"फेकून द्यायचं म्हणून लिहिलं होतं, शहाण्या!"

"आता कसं काढू? सगळ्यांना तेच आवडलंय. आणि तुमचं नाव नाहीये ना कुठे, कुणाला कळणार नाही."

तेवढाच आधार होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे सूर मोजलेल्या माणसाला स्वतःला एक सूर लागत नाही, हे बाहेर फुटलं असतं तर तो तोंड कुठे दाखवणार होता?

एका रात्री बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, "भाचीने मोबाइलवर लावलं होतं. लग्न ठरल्यावर तुम्ही म्हणाला होतात, एक चाल बांधलीय, ऐकवीन. कधी ऐकवली नाहीत."

"तो मी नाही."

"बरं," ती म्हणाली.

महिन्याभराने बँडचा सत्कार झाला. गायकाने बोलावलं म्हणून सायलेन्स आणि त्याची बायको शेवटच्या रांगेत येऊन बसले. समीक्षक माइकपुढे आला आणि नाकाने कांदे सोलू लागला. "हा अज्ञात कलावंत जुन्या लोकांच्या भाबड्या गाण्याची काय सुंदर टिंगल करतो बघा! वरचा सूर किती हिशेबाने चुकवलाय, तोही दोनदा! इतकं मुद्दाम बेसूर गायला हाडाचा गवई लागतो."

लोक हसले. गप्प बसला असता तर सायलेन्स आयताच हाडाचा गवई ठरून घरी गेला असता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. त्या चालीची टिंगल चाललेली तिला ऐकवत नव्हती.

तो उठला. "ए, तो मी आहे," काचेमागून ओरडावं तसा तो ओरडला. "आणि मुद्दाम काही नव्हतं. मी सुरातच गात होतो. मला जमलं नाही."

सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. समीक्षक तर हसून हसून डोळे पुसत होता, "वा! काय अभिनय!" म्हणत होता. त्या अख्ख्या गर्दीत टाळ्या न वाजवणारी एकटी त्याची बायको होती. तिने त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि ती म्हणाली, "वरचा सोडला तर बाकीचं चांगलं झालं होतं."