तगाईचे बैल

तगाईच्या कचेरीत नोकरी केलेल्या माणसासमोर नुसतं 'बैल' म्हणा, तुमची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा! किस्से आठवावे लागत नाहीत, एकाला हाकललं की दुसरा येऊन उभा.

देवास तेव्हा दोन राज्यांत वाटलेलं, थोरली पाती आणि धाकटी पाती. मी त्यातल्या एका पातीत कारकून. मोठ्या दुष्काळात माळव्यातली गुरं मेली, म्हणून दरबार रयतेला बी आणि बैल देऊ लागला. तीच तगाई. आमचे साहेब आबासाहेब. माणूस देवासारखा, पण एका जागी बूड टेकत नसे!

*

पेरणी तोंडावर आली आणि खानदेशातून निघालेले बैल काही पोचेनात. आबासाहेब रोज सकाळी टेकडीवर चढून दक्षिणेकडे बघत बसायचे. बसायचे कसले, येरझाऱ्या घालायचे! एके दिवशी लांब धूळ दिसली. आबासाहेब हळदकुंकवाचं ताट घेऊन धावत सुटले, मागून आम्ही. बघतो तर लग्नाचं वऱ्हाड!

आबासाहेब ताटासकट वऱ्हाडाभोवती एक चक्कर मारून आले. "बैल कुठे आहेत?"

वऱ्हाडातला म्हातारा हात जोडून म्हणाला, "बैल तो नी है साब, जवाईं है. चलेगो?"

*

शेवटी बैल आले, वाटले गेले. दुसऱ्याच दिवशी कचेरीपुढे ही गर्दी! बैल जागचे हलत नव्हते. आबासाहेबांनी एका बैलाच्या पाठीवर थाप मारली, "चल माझ्या राजा!" बैल निघाला की चालायला! खानदेशातला तो, त्याला माळवी कशी कळणार? मग काय, साहेब पुढे आणि अख्खी रयत मागे, "चल माझ्या राजा!" घोकत बसली.

एक शेतकरी वैतागून म्हणाला, "राज मराठी, बैल भी मराठी. अब म्हे काँ जावाँ?"

*

एकाचं शेत बरोबर हद्दीवर होतं. त्याला एक बैल थोरल्या पातीकडून मिळाला, एक धाकट्या पातीकडून. इन्स्पेक्शनला मी गेलो, तसा पलीकडचा कारकूनही आला. नांगर वळला की आमचा बैल त्यांच्या राज्यात आणि त्यांचा आमच्या! आम्ही दोघं बांधावर तावातावाने भांडू लागलो.

शेतकऱ्याने नांगर थांबवला. "भिया, पेलाँ आप दोई तय कर लो. बैलाँ में तो झगड़ो नी है!"

*

त्याच हंगामात गेंदाबाई आली. नवरा दुष्काळात गेलेला, पदरात दोन लहान मुली. नांगर धरायला घरात पुरुष असेल तरच जोडी द्यायची, असा नियम. ती म्हणाली, "भाई आवेगो, निमाड से." आबासाहेबांनी जोडी दिली.

थोड्या दिवसांनी गावचा पटेल तक्रार घेऊन आला. भाऊ आलाच नाही, बैल परत घ्या! आबासाहेब कचेरीत नुसते फिरत राहिले. बाईने नांगराला हात लावणं तेव्हा महापाप. गाव सरळ वाळीत टाकायचं. बैल काढून घेतले तर पेरणी बुडणार, म्हणजे तिन्ही जीव उपाशी. शेवटी मला घेऊन ते तिच्या गावाकडे निघाले.

पोचलो तर शेत बांधापर्यंत नांगरलेलं! काळी माती उलटून पडलेली. बांधावर सगळं गाव जमलेलं, मधे गेंदाबाई. दोन्ही हात लुगड्याच्या पदरात गुंडाळलेले.

"भाऊ आला का?" आबासाहेबांनी विचारलं.

"नी आयो."

"मग नांगरलं कुणी?"

पटेल एक पाऊल पुढे सरकला. पदरावर एके ठिकाणी रक्ताचा डाग होता. तो मी पाहिला, आबासाहेबांनीही पाहिला.

गेंदाबाईने मान वर केली. "बैलाँ ने, साब."

आबासाहेब पहिल्यांदाच एका जागी स्थिर उभे राहिले. मग माझ्याकडे वळून, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"लिहा रघुनाथराव. बैलांनी!"