गाडी जड की हात

माझे भावोजी शिंपी. त्यांना शिंपी म्हटलेलं चालतं, टेलर म्हटलेलं चालतं, पण रेडीमेड हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या कोटाचा खांदा उतरलेला दिसला तरी यांचा दिवस खराब. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून माझ्या अंगावरचा एकही कपडा त्यांनी नाक न मुरडता पाहिलेला नाही. असा माणूस स्वतःच्या मुलीला म्हणाला, "कोट ना? रेडीमेड घेऊन टाक."

भाचीला दूरच्या थंड गावी नोकरी लागली होती आणि रविवारी ती निघणार होती. तिच्या कोटाचं गडद निळं लोकरी कापड भावोजींनी तिचं कॉलेज संपायच्या आधीच आणून दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. ते काढायचं सोडून हे उत्तर. पोरगी "बरं" म्हणाली आणि खोलीत गेली. मग मला फोन करून विचारलं, "मावशी, बाबा माझ्यावर रागावलेत का?" मला तरी काय माहीत? मी उगाच "कामात असतील" म्हणून वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, ताई तिच्याकडे गेली आणि घर सांभाळायला मला बोलावलं. ताईचं घर सांभाळणं म्हणजे शिक्षा असते. तिच्या घरात चमचासुद्धा पालथा पडलेला तिला खपत नाही. लहानपणापासून ती मला गबाळी म्हणत आली आहे आणि मी तिचा शब्द कधी खोटा पडू दिलेला नाही. चार दिवस मी केर काढला तो दिसेल तेवढाच.

म्हणूनच खालचा एक डाग तसाच राहिला आणि मला दिसला. गाडी उभी करायच्या जागेवर, पुढच्या चाकाजवळ, तांबडं तेल पडलं होतं. पहिल्या दिवशी रुपयाएवढं, चौथ्या दिवशी बशीएवढं. मी भावोजींना दाखवलं, तर म्हणाले, "गाडी म्हातारी झाली. म्हातारपणी काहीतरी गळायचंच." ही गाडी त्यांच्या मुलीच्या वयाची. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना सहन होत नाही. तिच्या बाबतीत इतकं थंड उत्तर ऐकून मला काळजीच वाटली. मी हट्टाने त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी मेकॅनिककडे न्यायला लावली.

वाटेत पहिल्याच वळणावर गाडी कण्हली आणि तिच्या बरोबरीने भावोजीही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"एवढं जड आहे?" मी विचारलं.

"गाडी नाही गं जड," ते म्हणाले. "माझे हात गेले."

गाडी बाजूला घेऊन ते बोलायला लागले. त्यांच्या थोरल्या भावाचे हात असेच गेले होते. आधी कुलपात किल्ली फिरेना, मग एक दिवस कात्री निसटली, ती गिऱ्हाइकाच्या महागड्या कापडावर. भावोजींना वर्षभरापासून स्टिअरिंग जड लागत होतं, दर महिन्याला थोडं जास्त. त्यांनी मनाशी हिशोब केला, दुकानातलं सगळं कापणं हाताखालच्या कारागिराकडे दिलं आणि स्वतः नुसती मापं घेत बसले. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टर खरं सांगेल.

"कात्री जड लागते का?"

"हातात घेतोय कुठे? पोरीचं कापड वाकडं कापलं गेलं तर? त्यापेक्षा रेडीमेड बरं." मग पुढे म्हणाले, "ताईला सांगू नकोस."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे मी काहीच केलं नाही.

मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि बोट तांबडं करून बाहेर आला. म्हणाला, स्टिअरिंग हलकं ठेवणारं तेल तापतं, ते पुढच्या कूलरच्या नळीतून फिरून गार होतं, आणि ती नळी पत्र्याला घासून गंजली आहे. तिच्या तोंडाचं रबरही कुजलं होतं. त्याने बॉनेट उघडून तेलाची टाकी पाहिली. ठणठणीत कोरडी.

"साहेब, ही गाडी वळवत होतात कसे? पैलवान आहात की काय?"

मी आनंदाने भावोजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तसाच.

"गळती कधीपासून आहे?" मेकॅनिकने विचारलं.

"चार दिवस," भावोजी म्हणाले.

"चार दिवसांत नळीची ही दशा होत नाही."

"मी रोज सकाळी गाडी काढतो. जमीन कोरडी असते. आधी डाग असता तर मला दिसला नसता?"

"मग तेल गेलं कुठे?"

मेकॅनिकने डोकं खाजवलं आणि तो कामाला लागला. गंजलेला तुकडा काढून नवी नळी बसवली, नवं रबर चढवलं, पट्ट्या आवळल्या. मग तेल भरून इंजिन चालू केलं आणि भावोजींना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. टाकीत बुडबुडे आले, हळूहळू थांबले, आणि गाडीचं कण्हणं बंद झालं. शेवटी भावोजी एका हाताने चाक फिरवत होते.

"झालं की नाही? गाडीच होती!" मी म्हणाले.

"आता तर लहान मूलही फिरवेल. यावरून हाताचं काय कळणार? गळती चार दिवसांची, आणि मला जड लागतंय वर्षभर. मग बाकीचं वर्ष कुणाचं?"

मी शिकली-सवरलेली बाई, पण मला ते गणित सुटेना. मेकॅनिकचं खरं मानावं तर डाग हवा होता. भावोजींचं खरं मानावं तर नळी गंजायला नको होती. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात दोघांशी भांडत होते, आणि भावोजी गाडी एका हाताने चालवत दुसऱ्या हाताकडे संशयाने बघत होते.

ताई संध्याकाळी परत आली. बॅग दारात ठेवली आणि चपलाही न काढता साबणाची पावडर, फडकं घेऊन थेट खाली गाडीच्या जागेवर गेली. पाठोपाठ तिचा आवाज आला. "अगं गबाळे, चार दिवस हे पुसलं नाहीस?"

आम्ही दोघं खाली धावलो.

"तू हे पुसतेस?" भावोजींनी विचारलं.

"रोज. तुम्ही उठायच्या आत."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. तुम्हाला सांगितलं असतं तर रविवारभर गाडीखाली आडवे पडला असता, आणि मग आठवडाभर तुमची पाठ मी चोळायची. मला वाटलं, जुन्या गाड्या गळतातच." आमची तोंडं बघून ती गोंधळली. "काय झालं? पुसलं तर बिघडलं काय?"

भावोजी तिथेच पायरीवर बसले. मी ताईला सगळं सांगून टाकलं. सांगू नकोस म्हटलेलं तेवढ्यात विसरले. ताई फडकं हातात धरून ऐकत राहिली आणि मग माझ्या गबाळ्या डोक्यावरून तिने एकदा ओला हात फिरवला.

आम्ही सगळेच दुकानात गेलो, भाचीलाही घेऊन. तिने विकत आणलेला रेडीमेड कोट तिच्या हातातल्या पिशवीतच होता. भावोजींनी निळं कापड टेबलावर पसरलं, तिचं माप घेतलं, खडूने आखलं आणि मोठी कात्री उचलली. पाठीची कड त्यांनी एका दमात कापली. रेघ सरळ होती. मला वाटलं, आता हा माणूस हसेल. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि हात उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे हा वर्षभर चांगलाच होता?"

"होता," ताई म्हणाली.

"मग पोरीला रेडीमेड घे म्हणाला, तो कोण होता?"

ताई खाली बघत होती. मग भाचीने पिशवी टेबलाखाली सरकवली आणि पुन्हा त्यांच्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"बाबा, बाही थोडी लांब ठेवा. तिकडे थंडी असते."