सभापतीची मालकीण

अख्ख्या भिवंडीत रहदारीचे नियम काटेकोरपणे पाळणारी एकच व्यक्ती होऊन गेली, आणि तिच्याकडे साधी सायकलसुद्धा नव्हती. ती म्हणजे माझी आत्या. ती पायी चालायची आणि वळायच्या आधी हात दाखवायची. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ, थांबायचं असलं की हात वर, आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असलं तर मनगटातून ऐटीत हलवलेला पंजा. सुताच्या गाठी लादलेले टेम्पो, हातगाड्या, बकऱ्या आणि रिक्षा यांचा दिवसभर काला झालेल्या आमच्या रस्त्यावर हा हात उठला की रिक्षावाले आपल्यालाच बोलावलं असं समजून कचकन ब्रेक मारायचे आणि "किधर जाना है, मॅडम?" म्हणून विचारायचे. मग भर रस्त्यात उभं राहून आत्या त्यांना समजावून सांगायची की आपल्याला कुठेही जायचं नाही, फक्त वळायचं आहे. मागे हॉर्नचा गदारोळ उठायचा. तिचं समजावणं पुरं झाल्याशिवाय ती जागची हलायची नाही.

मुलींच्या शाळेत ती नागरिकशास्त्र शिकवायची. हा विषय पुष्कळ लोक शिकवतात, पण आत्याची अडचण अशी की तिला तो खरा वाटायचा. एकदा आम्ही गणेशपुरीहून एसटीने परत येत होतो. गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती, त्यामुळे कंडक्टर आमच्यापर्यंत पोचलाच नाही. भिवंडी स्टँडवर सगळे धपाधप उतरून पसार झाले. आत्याने मात्र कंडक्टरची बाही धरली ती तिकीट फाडून घेईपर्यंत सोडली नाही. बिचारा काकुळतीला येऊन म्हणत होता, बाई, ड्युटी संपली, आता जाऊ द्या. आत्याने तिकीट घेतलं, नीट वाचलं, आणि ते फाटू नये म्हणून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. प्रवास तर संपला होता, पण हे तिला सांगणार कोण? माझे वडील तिचे सख्खे मोठे भाऊ, आम्ही सगळे एकाच घरात राहायचो, तरी त्यांचीसुद्धा छाती होत नसे.

अशा बाईने कुत्रा पाळला तेव्हा त्याचं नाव मोती किंवा टायगर असणं शक्यच नव्हतं. त्याचं नाव सभापती. क्वचितच बोलायचा, पण बोलला की सगळे गप्प बसायचे, म्हणून. आमच्या घरामागे चाचांचा पॉवरलूमचा कारखाना होता. चाचा म्हणजे तिथल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, आमचे पिढीजात शेजारी. त्यांच्या दोन्ही मुली आत्याच्या हाताखालून गेलेल्या. त्या कारखान्यात एका लूमखाली सभापतीचा जन्म झाला. लूमची खटाखट हे त्याचं अंगाईगीत. त्यामुळे जगातल्या सगळ्या कुत्र्यांना आवाजाची भीती वाटते, तर आमच्या सभापतीला शांततेची वाटायची. शुक्रवारी कारखाने बंद असले की तो आत्याच्या पलंगाखाली थरथरत बसायचा आणि भाकरीच्या तुकड्याला तोंड लावायचा नाही. मग आत्या काय करायची, तर शिलाई मशीनसमोर बसून मशीन रिकामंच चालवायची. ना कापड, ना दोरा. ती पायाने मशीन हाणते आहे आणि शेजारी सभापती निवांत जेवतो आहे, हे दृश्य पाहून आमच्याकडे आलेला एक पाहुणा चहा न घेताच परत गेला होता.

आणि त्याच सभापतीने एके दिवशी घोटाळा केला. खरं तर कुणी केला, हाच पुढचा सगळा प्रश्न. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ओट्यावर उभा होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. आत्या बाजारातून येत होती. डाव्या हातात भाजीची जड पिशवी, उजव्या हातात सभापतीची दोरी. आमच्या गल्लीचं वळण आलं. उजवीकडे वळायचं, म्हणजे उजवा हात दाखवायला हवा, आणि उजव्या हातात तर दोरी. दुसऱ्या कुणी हात दाखवायचा नाद सोडला असता. आत्याने दोरी सोडली. हात खांद्याच्या रेषेत ताठ केला. आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली.

लाइट जाणं म्हणजे काय, हे भिवंडीकरांनाच कळेल. दोन्ही बाजूंचे शेकडो लूम एकदम मुके होतात आणि कानात नुसती पोकळी उरते. सभापती किंचाळला आणि बाणासारखा रस्त्यात घुसला. समोरून चाचा स्कूटरवरून येत होते, मागे सुताच्या कोनांचं, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूंचं, पोतं बांधलेलं. त्यांनी कुत्र्याला वाचवायला हँडल फिरवलं, स्कूटर आडवी, चाचा तिच्याखाली, आणि पोतं फुटून पांढरे कोन चहूकडे पळत सुटलेले. काही गटारात, काही टेम्पोच्या चाकाखाली. मी धावलो, हमाल धावले, चाचांना हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. उजव्या पायाचं हाड मोडलं होतं. सभापतीला ओरखडासुद्धा आला नव्हता. तो कारखान्याच्या दारात जाऊन मुक्या लूमकडे केविलवाणा बघत बसला होता.

संध्याकाळपर्यंत गल्लीने आपणहून निकाल लावून टाकला की कुत्रा आवारा होता. हवालदार चौकशीला आला तर पानवाल्याने सांगितलं, भटका कुत्रा. इस्त्रीवाल्याने सांगितलं, असा कुत्रा या भागात कधी पाहिलाच नाही. खुद्द चाचांनी प्लॅस्टरातला पाय टांगून हेच सांगितलं. यामागे कारण होतं. शाळेच्या हेडबाई निवृत्त होत होत्या आणि जूनपासून ती खुर्ची आत्याला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थेतले काही लोक मात्र तिच्या काटेकोरपणाला वैतागलेले होते, त्यांना निमित्तच हवं होतं. वडिलांनी तिला बजावून सांगितलं की आता तोंड उघडू नकोस, कोर्टाची पायरी चढलेल्या बाईला हे लोक हेडबाई करणार नाहीत.

आत्या ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे लाड करताना माझा, आणि माणूस पाडला की गल्लीचा?"

आणि उठून चौकीत गेली. मी मागोमाग. तिथे तिने हवालदाराला जनावराच्या मालकाने निष्काळजीपणा केला तर लागू होणारं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि ते आपल्याला लावायची विनंती केली. हवालदार आजूबाजूच्या खेड्यातलाच, साधा माणूस. तो आधी माझ्याकडे बघायला लागला, मग तिच्याकडे. म्हणाला, "मॅडम, तक्रार देनारा कोनी न्हाय आन् आरोपीच तक्रार घेऊन येतोय, असं कुठं असतं का? घरी जावा." आत्या बाकावर बसली. चहा आला, तो तिने घेतला नाही, कारण चौकशी चालू असताना पोलिसांचा चहा घेणं योग्य नव्हे. शेवटी तिच्या चिकाटीपुढे हात टेकून त्याने लिहून घेतलं.

खटला उभा राहिला त्या दिवशी कोर्टात गल्लीच लोटली होती. चाचा कुबड्या घेऊन आले आणि शपथेवर आवारा कुत्र्याची कहाणी सुरू केली. ती अर्ध्यावर आली नाही तोच आत्याने आरोपीच्या जागेवरून वर्गातल्या आवाजात दम भरला, की तुमच्या मुलींना मी खरं बोलायला शिकवलं आणि तुम्ही हे काय चालवलंय. चाचांनी मान खाली घातली. "साहेब, बाईंचा आपला म्हणावा असा तो कुत्रा एकच जीव हाय घरात, मी काय बोलू?" एवढंच ते पुटपुटले. न्यायाधीशांनी आत्याला विचारलं, दोरी का सोडली?

"मला उजवीकडे वळायचं होतं, साहेब. हात दाखवायचा होता."

सबंध कोर्ट हसलं. कारकून हसला, पट्टेवाला हसला, न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. लोक का हसले, हे आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने गुन्हा कबूल केला, दंड भरला, आणि बाहेर पडताना पायऱ्यांवर वळायच्या आधी हात दाखवला.

पण दंड भरून तिचं समाधान झालं नव्हतं. चाचांचा पाय प्लॅस्टरात असेपर्यंत ती रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या कारखान्यात जाऊन बसू लागली, कारण माझ्या कुत्र्याने ज्याला आडवं केलं त्याचं काम उभं ठेवणं माझं काम, असं तिचं गणित. काय तो दरारा! उत्तरेतले ते दांडगे कारागीर, आयुष्यात शाळा न पाहिलेले, शिफ्ट बदलताना रांगेत उभे राहू लागले. हजेरीला "जी, मास्टरनीजी" म्हणू लागले. एकाला तिने तंबाखू थुंकल्याबद्दल अंगठे धरून उभं केलं आणि तो खरोखरच उभा राहिला. चाचांनी खाटेवरून निरोप धाडला की बाई, आता बास, माझी माणसं मला ओळखेनाशी झाली. लूमच्या खटाखटीत सभापती तिच्या पायाशी घोरत असायचा. दोरी तिने मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेली असे. त्यानंतर तिने ती रस्त्यात कधीच सोडली नाही. हात दाखवायचा झाला की सभापतीही त्या हाताबरोबर थोडा वर उचलला जायचा.

जूनमध्ये हेडबाईंच्या खुर्चीवर दुसऱ्या बाई बसल्या. आत्याने त्यांचं अभिनंदन केलं आणि नागरिकशास्त्राच्या तासाला वेळेवर वर्गात गेली. घरी कुणी विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. आम्ही समजलो, तिला त्याचं काही वाटत नाही. अशा माणसांना काही वाटत नाही, असं आपल्याला सोयीसाठी वाटत असतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी, ती निवृत्त झाल्यावर, सभापतीही राहिला नव्हता तेव्हा, मी तिला विचारलं, ती खुर्ची गेली त्याचं वाईट वाटलं होतं का. ती मटार सोलत होती.

"वाईट वाटलं तर," ती म्हणाली. "मला हेडबाई व्हायचंच होतं रे. फार व्हायचं होतं. त्या खोलीला कुठला पडदा लावायचा तेसुद्धा ठरवलं होतं. चाचांकडून निळं कापड आणून ठेवलं होतं मी, त्या मे महिन्यात."

"मग त्याचं काय केलंस?"

"सभापतीला अंथरलं. म्हातारपणी त्याला थंडी फार वाजायची."

ते निळं कापड मला चांगलं आठवत होतं. मी तिच्यासमोरचे थोडे मटार माझ्याकडे ओढून घेतले आणि आम्ही दोघं सोलत बसलो.