शेपट्या कापणारे शेजारी

नेलकटर नखाला लावण्याआधी काका नखाला म्हणायचे, "माफ कर हं." भेंडी चिरतानाही तेच, सुतळी तोडतानाही तेच.

मांजर्लीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत माशांच्या टाक्या सांभाळायचे, म्हणून सोसायटीतल्या बायका त्यांना पापलेटचा भाव विचारायच्या. "वहिनी, आमचा मासा तुमच्या करंगळीएवढा," ते गंभीरपणे सांगायचे.

त्या माशांना औषधाच्या पाण्यात गुंगी आणून ते शेपटीचं टोक कापत. दोन-तीन आठवड्यांत शेपटी परत येई, आतल्या केसासारख्या हाडांसकट.

मी तेव्हा आनंदनगरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. प्रेस मशीनमध्ये हात कुठे घालू नये, हे नव्या कामगारांना दाखवत होतो. फारच नीट दाखवलं.

अंबरनाथच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तर्जनीचं वरचं पेर काढावं लागेल. तासाभरात घेऊ." बायको माहेरी होती. तिने काकांना फोन केला म्हणून ते धावत आले. चारचौघांत मोठ्या आवाजात बोलतो मी, पण तेव्हा त्यांच्या कानाशी लागून विचारलं.

"काका, माशाचं येतं ना परत?"

"येतं."

"मग माझं?"

त्यांनी खोटं बोलावं असं मला फार वाटत होतं. ते बँडेजकडे बघून म्हणाले, "नाही येणार, भाऊ."

मग हळूहळू सांगत बसले. माशाची शेपटी कापली की कडेजवळच्या हाडाच्या पेशी आपलं हाड असणं सोडून देतात. कोवळ्या होतात, एकीच्या अनेक होतात, कडेकडे सरकतात आणि मग पुन्हा हाड होतात. "आपल्या पेशींना एवढं मागे जाता येत नाही."

"मी गेलोय मागे," मी म्हटलं. "मला आई पाहिजे."

ते हसले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं. आत न्यायची वेळ येईपर्यंत सोडलं नाही.

ऑपरेशनच्या दाराशी नर्सने त्यांना थांबवलं. ते वाकले. मला वाटलं, आता धीर देतील. पण ते माझ्या बोटाशीच बोलले. "माफ कर हं."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रविवारी मी गॅलरीत नखं कापायला बसतो. "कुणाशी बोलताय?" बायको आतून विचारते. नऊ वेळा म्हणून होतं. दहाव्या बोटाला कापण्यासारखं काही नाही. तरी म्हणतो.