खेळावर काकूंचं नाव

कोणताही खेळ उघडला की काकू सगळ्यात आधी 'नको' असं टाइप करायच्या. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ, आणि उजव्या हाताचं एकच बोट. मग हात मांडीवर ठेवून खेळ काय उत्तर देतो याची वाट बघायच्या. खेळाला तो शब्द कळला नाही, तर पुढे कितीही सुंदर लिहिलेलं असो, खेळ परत. "ज्याला नको कळत नाही, त्याच्या घरात मी पाऊल ठेवायची नाही," असं म्हणायच्या.

हे खेळ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. पडद्यावर नुसता मजकूर असतो. चित्र नाही, आवाज नाही. खेळ म्हणतो, तू स्वयंपाकघरात उभी आहेस, समोर तो बसला आहे. खाली तुम्ही लिहायचं: 'चहा ठेव', 'त्याच्याकडे बघ', 'बाहेर जा'. तुम्ही लिहाल तशी गोष्ट वळते. अशा छोट्या, अर्ध्या तासात संपणाऱ्या खेळांची एक स्पर्धा काकू वर्षातून एकदा इंटरनेटवर भरवायच्या. खेळ फक्त मोठ्या माणसांसाठी. स्त्री-पुरुषांमधलं जे आपण बोलत नाही, ते त्यात असायचं. लिहिणारे देशभर विखुरलेले, कुणी मराठीत लिहायचं, कुणी हिंदीत. सगळे टोपणनावाने. कोण कुठला, कुणी कुणाला विचारायचं नाही, हा दुसरा नियम.

लखनौच्या वृंदावन योजना नावाच्या कॉलनीत, आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर काकू, दुसऱ्या मजल्यावर मी. काकू एका संशोधन संस्थेच्या लायब्ररीत होत्या, नोकरीची दोन वर्षं राहिलेली. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. बिल्डिंगमधल्या लोकांना वाटायचं, या कॉम्प्युटरवर कुणाला तरी ट्यूशन देतात. अशी बाई तुमच्याही कॉलनीत असेल. सुती साडी, हातात कापडी पिशवी, सब्जीवाल्याला "भैया, कढीपत्ता ताज़ा है क्या" असं रोज विचारणारी. तिच्या कॉम्प्युटरमध्ये काय चालतं, हे तुम्ही शंभर जन्मांत ओळखणार नाही.

आणि काकू भित्र्या होत्या. हे मी मुद्दाम सांगते. दाराची बेल वाजली की दचकायच्या आणि खेळ झाकून गॅस बुकिंगचं पान पुढे आणायच्या. ते पान कायम उघडंच असायचं. एकदा बेल वाजली, त्यांनी घाईने पान बदललं, आणि दारात खरंच गॅसवाला उभा. आम्ही दोघी इतक्या हसलो की तो बिचारा सिलिंडर ठेवून पाणी न पिताच गेला. "मी घाबरट आहे गं," डोळे पुसत काकू म्हणाल्या, "मला शूर समजून काही करायला जाऊ नकोस हं."

एका वर्षी कुणीतरी असा खेळ पाठवला, की त्यात साठीतली दोन माणसं चहा करतात. एवढंच. साखर विचारायची, आलं किसायचं. तुम्ही घाई करून काही वेगळं लिहिलं तर खेळ म्हणायचा, 'दूध उतू जाईल.' शेवटी चहा गाळताना तिचा हात त्याच्या हाताला लागतो आणि ती तो काढून घेत नाही. खेळ संपला. मी म्हटलं, "काकू, हा अठरा वर्षांवरचा कसा? चहापत्तीसाठी?" काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "वैशाली, तुझं अजून वय व्हायचंय." त्या वर्षी सगळ्यांच्या मतांनी तोच पहिला आला.

मला वाटलं, एवढं तर मीही लिहीन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वडील, म्हणजे आबा, जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई अंगठा लावायची. मी बी.ए. झाले, बँकेची परीक्षा पास झाले, परभणी सोडून एकटी लखनौला आले. मला येत नाही असं काही असतं, हेच मला मान्य नव्हतं. काकूंनी शिकवलं, मी लिहिला खेळ. पंचवीस वर्षांची नवरी, अनोळखी घर, पहिली रात्र. भाषा चांगली जमली होती, आजही म्हणेन.

काकूंनी तो तपासायला घेतला. तपासणाऱ्याची एक पद्धत असते. खेळ खेळता खेळताच, ओळीच्या सुरुवातीला फुली मारून, लेखकाला शेरा लिहायचा. खेळ त्या ओळीकडे लक्ष देत नाही, पण सगळं बोलणं शेऱ्यांसकट एका वेगळ्या फाइलमध्ये उतरतं. ती फाइल फक्त लेखकाला द्यायची. काकूंनी मला दिली. त्यात लिहिलं होतं:

'× वैशाली, इथे नको लिहिलं तर खेळ म्हणतो, हा शब्द मला माहीत नाही. नवरीला नको म्हणता येत नाही का गं?'

आणि शेवटी: '× वैशाली, उद्या आलमबागच्या ब्रँचला जायच्या आधी एवढं दुरुस्त कर.'

काकूंचा नियम मला पाठ होता. तरी तो शब्द माझ्या खेळात नव्हता. मी विसरले नव्हते. नवरी असं म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मुकाट्याने दुरुस्त केलं. नवरीने 'नको' म्हटलं की नवरा दिवा लावतो, पाणी देतो आणि दोघं सकाळपर्यंत गप्पा मारतात, असा नवा रस्ता लिहिला. खेळातला तोच भाग सगळ्यात चांगला झाला.

"आण इकडे, मी चढवते स्पर्धेच्या पानावर," काकू म्हणाल्या.

"मला येतं," मी म्हटलं. आणि खेळ ज्या फोल्डरमध्ये होता ते अख्खं फोल्डर बांधून चढवून दिलं. काकूंची शेऱ्यांची फाइल त्यातच होती.

रविवारी सकाळी मी केस धुवून गॅलरीत बसले होते. फोनवर स्पर्धेचं पान उघडलं. माझ्या खेळाखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'खेळ छान. सोबत चाचणीची फाइलही आली आहे, ती जास्त मजेदार. ये वैशाली जी कौन हैं?' त्याच्याखाली दुसरं कुणी, 'आलमबाग? अरे, हम भी तो वहीं की ब्रांच में हैं.'

  मी ओल्या केसांनीच जिना उतरले. माझी नोकरी अजून प्रोबेशनवर होती. ब्रँच मॅनेजरनी कुणाच्या तरी फेसबुकवरच्या फोटोवरून "बँक की इमेज" यावर अर्धा तास ऐकवलेलं मी ऐकलं होतं. आणि बँकेच्या मागे परभणी होती. आबांना तिथे लोक 'बँकवालीचा बाप' म्हणायचे. तेच लोक त्यांना उद्या काय म्हणतील? मी काकूंच्या दारात उभी राहून नुसता फोन पुढे केला.

काकूंनी वाचलं. चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. त्यांचाही चेहरा उतरला. फाइल लगेच काढून टाकली, पण तोवर अकरा जणांनी घेतली होती.

"आता काय काकू?"

"थांब, विचार करू दे."

"काय होईल?"

"वैशाली, गप्प बस जरा."

त्या इतक्या जोरात कधी बोलल्या नव्हत्या. मग खुर्ची ओढून बसल्या. दोनदा चुकीचं अक्षर पडलं, दोनदा पुसलं. मी मागे उभी राहून वाचत होते. त्यांनी लिहिलं, हा खेळ माझा आहे. वैशाली ही माझी नायिका, ती बँकेत जाते असं मी मनात धरलं होतं. लिहिताना मी माझ्या पात्रांशी बोलते, वयाचा दोष समजावा. आणि खाली टोपणनाव नाही, स्वतःचं खरं नाव, आडनावासकट. खऱ्या नावाशिवाय कुणी विश्वास ठेवला नसता.

"काकू, असं नका करू," हे मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. त्यांनी बटण दाबलं आणि मला मोकळा श्वास आला. खरं लिहायचं तर हेच खरं आहे. मला आधी श्वास आला, वाईट नंतर वाटलं.

आलमबागवाल्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं, 'माफ़ कीजिए मैडम, हमें लगा हमारी कलीग हैं.' म्हणजे तो आमच्याच ब्रँचचा होता. कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही. काउंटरवर बसले की प्रत्येकाच्या बोटांकडे माझं लक्ष जायचं.

एवढ्यावर मिटलं असतं. पण खरं नाव बाहेर पडलं की ते थांबत नाही. आठ दिवसांत काकूंच्या संस्थेत लायब्ररीच्या टेबलावर त्या खेळाची दोन छापील पानं सापडली, काकूंच्या नावाखाली लाल रेघ. मग बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी त्या पानांचा फोटो टाकला. जिन्यात बायका त्यांना वाट द्यायच्या, जरा जास्तच वाट द्यायच्या.

काकूंचा वेगळा राहणारा मुलगा लखनौतल्याच सरोजिनी नगरहून आला, तेव्हा मी काकूंकडे चहा घेत बसले होते. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो हिंदीत.

"मम्मी, ये आपने लिखा है?"

"बस आधी. पाणी घे."

"पानी नहीं चाहिए. सुहागरात, ये सब... आपने? मेरे ससुराल तक बात पहुँच गई है. बस एक बार बोल दीजिए कि किसी और का है."

कप माझ्या हातात होता. बशीवर वाजू नये म्हणून मी तो धरून ठेवला होता. मला एक वाक्य म्हणायचं होतं. चार शब्दांचं. मी मनात ते जुळवत होते आणि प्रत्येक वेळी मला मॅनेजरची केबिन दिसत होती.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, "मीच लिहिलंय रे. का, मी माणूस नाही?"

तो उभ्याउभ्याच निघून गेला. काकूंनी उठून दार लावलं. मग मला म्हणाल्या, "चहा गार होतोय तुझा." मी तो प्याले. कसा प्याले, देव जाणे.

संस्थेत त्यांना काढलं वगैरे कुणी नाही. फक्त एका साहेबाने बोलावून विचारलं, "मैडम, आप आराम क्यों नहीं कर लेतीं?" काकूंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. भावाकडे इचलकरंजीला जायचं ठरलं. मी सामान बांधायला गेले, तेव्हा एकदा धीर करून म्हटलं, "काकू, मी सांगते सगळ्यांना."

त्या पातेल्यांत वर्तमानपत्र कोंबत होत्या. "कधी?"

मी पुढचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

"कन्फर्मेशन झाल्यावर सांग," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, अगदी सरळ म्हणाल्या. "तोवर मी आहेच खोटं बोलायला. सवय झाली मला. आणि एक सांगू का, पहिल्या दिवशी फार भीती वाटली. आता बेल वाजली तरी दचकत नाही मी. काय झाकायचं आता?"

त्या गेल्या. पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही.

मे महिन्यात, पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत गेलेली असताना, काकूंचा मेसेज आला. त्यांना कुणा अनोळखी बाईने पाठवलेला, त्यांनी मला पुढे धाडलेला. त्या बाईने लिहिलं होतं, तुमच्या खेळात मी तीन वेळा नको लिहिलं, तिन्ही वेळा त्याने पाणी दिलं. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. तुमचे हात हातात घ्यावेसे वाटले. खाली काकूंनी एवढंच जोडलं होतं, 'हे तुझं आहे. ठेव.'

"क्या पढ़ रही हैं मैडम?" मॅनेजर मागे उभे होते.

"कुछ नहीं सर, घर से है," म्हणत मी तो मेसेज पुसून टाकला. समोरच्या आजोबांनी पासबुक पुढे केलं, मी एंट्री करून दिली. नंतर शोधला, सापडला नाही. काकूंना पुन्हा पाठवा म्हणायचं तोंड मला नव्हतं.

त्याच महिन्याच्या शेवटी कन्फर्मेशनचं पत्र हातात पडलं. संध्याकाळी बिल्डिंगमध्ये शिरता शिरताच आबांना फोन लावला.

"वाचून दाखव की माय," आबा म्हणाले. "पहिल्यापासून. नावासकट."

मी वाचलं. इंग्रजी होतं, त्यांना एक शब्द कळला नसेल, पण मध्ये मध्ये हूं हूं करत होते. नाव आलं तसे म्हणाले, "हां, ते पुन्हा एकदा." मी पुन्हा वाचलं.

"आता असं कर," आबा म्हणाले, "आधी त्या खालच्या बाईला पेढे नेऊन दे. परमुलखात आईसारखं केलंय त्यांनी तुझं. घरी हायेत ना?"

मी काकूंच्याच दाराशी उभी होते. कुलूप होतं. भाडेकरू अजून कुणी आलेलं नव्हतं, आणि कुणीतरी गॅस एजन्सीची चिठ्ठी कडीत अडकवून गेलं होतं.

"हो आबा," मी म्हटलं. "घरीच आहेत."