लाइनचा झटका

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले तेव्हा माझ्या पिशवीत बामची एक डबी असायची आणि त्या डबीत बाम नसायचा. बारक्या पांढऱ्या गोळ्या असायच्या, फेफऱ्याच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या मुलीचं डोकं दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. पंचाईत एकच व्हायची. दुसऱ्या कुणाचं डोकं दुखलं की त्याचा हात माझ्यापुढे यायचा. "संपला जी," असं मी इतक्यांदा म्हटलं की आमच्या सीनियर ऑपरेटर ताईंनी एक दिवस बाजारातून नवी डबी आणून माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून माझ्याकडे दोन डब्या होत्या आणि कुठली कुणापुढे उघडायची याचं भान ठेवावं लागे.

हे मंगरूळपीरचं. सत्तरच्या दशकात आमचा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता, आणि एक्स्चेंज म्हणजे एक मोठी खोली. भिंतीला लागून बोर्ड, बोर्डावर भोकं आणि पुढे दोऱ्या. गावात कुणी रिसीव्हर उचलला की बोर्डावरची एक झडप पडायची, मी दोरी खुपसायची आणि "नंबर प्लीज" म्हणायची. आमच्या घरातली मी पहिली पगारदार. वडील अनसिंगला दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. धम्म घेतल्यावर त्यांनी आधी माझ्या भावाला शाळेत घातलं, मग मला, आणि नोकरीचा कागद आला तेव्हा तो त्यांनी गल्लीत चार जणांकडून वाचून घेतला. स्वतःला वाचता येत होतं तरी.

पहिला झटका मॅट्रिकच्या वर्षी आला. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गोळी चुकवायची नाही आणि झोप मोडायची नाही, एवढं पाळलं तर नोकरी, संसार, काय हवं ते कर. नोकरीच्या तपासणीत दुसऱ्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले, वजन केलं आणि मान वर न करता विचारलं, "जुना आजार काही?" मी म्हटलं, "नाही जी." त्यांनी तेच लिहिलं. ते 'नाही जी' मला पुढे दोन वर्षं टोचत राहिलं.

त्या दोन वर्षांच्या अखेरीस नवे इन्चार्ज साहेब आले. नागपूरकडचे, बोलणं पुस्तकी, प्रत्येक गोष्ट कागदावर पाहिजे. होळी झाली आणि त्यांनी पोहरादेवीच्या यात्रेची ड्युटी लावली. यात्रेपुरता तिथे तंबूत एक छोटा बोर्ड आणि एक फोन ठेवायचा, लोकांना कॉल जोडून द्यायचे. ताईंचं मूल पाळण्यातलं, त्यामुळे नाव माझं निघालं. सोबतीला आमचे लाइनमन चाचा. मुक्काम तिथेच, तंबूशेजारी.

मला जायचं होतं. मी यात्रा लांबूनच पाहिली होती, आणि सरकारी तंबूत टेबलामागे बसून पाहायची तर गंमत वेगळीच. पण भोंगे, गर्दी, झोपेचा पत्ता नाही. त्या रविवारी बसने अनसिंगला गेले आणि घरात विषय काढला.

"सांगून टाक सायबाले," वडील म्हणाले. "लपवून ठेवशीन तं रोज भेत भेत कामाले जाशीन."

"अन् त्यायनं काढून टाकलं तं?" आई चुलीपुढून म्हणाली. "गावात माहीत झालं तं? पोरीले कोन करन मंग?"

"ज्याले करायचं तो सारं इचारूनच करन."

आईने पुढची भाकरी जरा जोरात थापली.

सोमवारी मी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. "साहेब, बोलायचं आहे. इथे नाही पण."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. बसायची खोली एकच. चार हातांवर ताई, एका कानाला हेडफोन आणि दुसरा कान आमच्याकडे. शेवटी ते म्हणाले, "बॅटरी रूममध्ये चला."

बॅटरी रूम म्हणजे ॲसिडने भरलेल्या काचेच्या भांड्यांच्या रांगा. तिथल्या वासाने घसा धरायचा. साहेबांनी दार अर्धं उघडं ठेवलं आणि आम्ही दोघं खोकत उभे राहिलो. त्या हवेत लांबण लावणं शक्यच नव्हतं. म्हणून मी सगळं तीन-चार वाक्यांत सांगितलं, तपासणीतलं खोटंसुद्धा. बाहेर मोकळ्या हवेत सांगायची वेळ आली असती तर नक्की रडले असते.

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मग म्हणाले, "झटका आला तर आम्ही काय करायचं?"

मी सगळ्या प्रश्नांची तयारी करून आले होते. खोटं का बोललात, जबाबदारी कुणाची, वरिष्ठांना काय कळवू. हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. मी अडखळत सांगितलं. हेडफोन काढायचा, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, जोडा-कांदा काही हुंगवायचं नाही, दोन मिनिटं थांबायचं. साहेबांनी सवयीने वही काढून लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्या पानाकडे पाहिलं, ते फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे कागदावर नको. पाठ होईल एवढंच आहे. अकोल्याच्या डॉक्टरांचं पत्र आणा, पुढच्या तपासणीला खरं ते लिहू. यात्रेची ड्युटी रद्द करू का?"

"नको साहेब. संध्याकाळी सहाला सुटी द्या. शेजारच्या गावात माझी आत्या राहते, तिच्याकडे झोपायला जाईन."

"ठीक. पण तिथे एका माणसाला तरी माहीत पाहिजे. कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा, आणि तुम्हीच सांगा."

ठरवायला होतं कोण? तंबूत माझ्यासोबत चाचाच असणार. आणि चाचा म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. दर्ग्याजवळच्या हॉटेलात सकाळी ऐकलेलं दुपारपर्यंत तालुक्यात पोचवायचे. धीर करून मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन त्यांनी सगळं ऐकलं.

"बस, इतनाच?" ते म्हणाले. "मले वाटलं तू नोकरी सोडून चालली."

त्यानंतर तीन दिवस चाचा कुणाशीच धड बोलले नाहीत. ताईंना वाटलं त्यांची दाढ दुखतेय.

साहेबांनी ऑर्डर काढली: 'खाजगी कारणास्तव सदर कर्मचाऱ्यास सायंकाळी सहा वाजता मुक्त करावे.' ताईंनी ती वाचली, मी आत्याकडे झोपायला जाणार हे माझ्याकडून काढून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तरण्या मुलीचं खाजगी कारण त्यांच्या लेखी एकच होतं.

"काय वं, पाव्हने येऊन राह्यले काय आत्याकडं पाह्याले?"

मी नाही म्हटलं, तर त्यांना ते लाजणं वाटलं. दोन दिवसांत कापसाच्या जिनिंगचे शेठ फोनवर मला म्हणाले, "नंबर सतरा द्या, अन् पेढे कधी?" गावातल्या डॉक्टरांच्या कंपाउंडरनेही अभिनंदन केलं. मी दोरी खुपसून "बोला" एवढंच म्हणत राहिले.

पोहरादेवीला मात्र मजा आली. बैलगाड्या, ट्रक, आरशांच्या घागऱ्यांतल्या बंजारा बाया, धूळ, आणि तंबूपुढे रांग. कुणाला पुसदला कळवायचं होतं की म्हातारी सापडली, कुणाला मानोऱ्याला की जीप पाठवा. पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी आत्याकडून निघायच्या घाईत सकाळची गोळी राहिली. दुपारी ध्यानात आलं तेव्हा रांग इतकी होती की म्हटलं, हा एक कॉल जोडू आणि घेऊ.

पुढचं मला चाचांनी आणि शेजारच्या चहावाल्या बाईने सांगितलं. मी खुर्चीवरून कलले. चाचांनी मला सतरंजीवर कुशीवर निजवलं, हेडफोन काढला. तेवढ्यात गर्दी जमली. एक जण पायातला जोडा काढून पुढे आला. कुणी कांदा मागवला. आणि यात्राच ती, मागून एक बाई ओरडली, "अंगात आलं! बाईच्या अंगात आलं!" झालं, लोक हात जोडून पुढे सरकायला लागले. एका म्हाताऱ्याला तर हरवलेल्या बैलाबद्दल विचारायचं होतं.

चाचा टेबलावर चढले आणि हात पसरून ओरडले, "मांगं सरका! बाईले लाइनचा झटका बसला! कोनी हात लावू नोका, तुमालेबी बसन!"

गर्दी एका दमात दहा हात मागे गेली. जोडावाला जोडा तिथेच टाकून पळाला. मी दोन मिनिटांनी शांत झाले, आणि डोळे उघडले तेव्हा तंबूभोवती मोकळं मैदान होतं आणि चाचा पाण्याचा गडवा घेऊन बसले होते.

"गोयी घेतली व्हती का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी माझ्या पिशवीतून डबी काढून दिली. नेमकी बामची निघाली. मग दुसरी दिली. मी पडून हसायला लागले तसे तेही हसले.

एक नुकसान झालं. त्या दिवशी कुणी फोनला हात लावेना. रांगेतले लोक तंबूकडे पाहत लांबून जायचे. शेवटी चाचांनी स्वतः रिसीव्हर कानाला लावून अर्धा तास कुणाशीही न बोलता गप्पा मारल्या, तेव्हा कुठे एक धीराचा माणूस आला.

ही बातमी आमच्याआधी मंगरूळपीरला पोचली, आणि तिथून अकोल्याला. वरून फोन आला: ऑपरेटरला शॉक कसा बसला, लाइन तपासून अहवाल पाठवा. साहेबांनी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पोहरादेवीला आले, लाइन तपासली आणि तंबूतच अहवाल लिहिला: 'लाइन निर्दोष. ऑपरेटरची प्रकृती उत्तम.' सही करण्याआधी मला वाचून दाखवला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

ताईंचं मात्र समाधान झालं नाही. मी परत रुजू झाले त्या सकाळी माझ्या खुर्चीवर त्यांनी बाळाच्या पाळण्यातलं रबरी कापड आणून अंथरलं होतं. "याच्यावर बस," त्या म्हणाल्या. "रबरातून करंट येत नाही." बाळाचं काय, विचारलं तर म्हणाल्या, "त्याले काही होत नाही. ओलंच होते फक्त."

त्या कापडावर बसून मला राहवलं नाही. दुपारी डबा खाताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्या आधी रागावल्या. "मले काहून नाही सांगतलं? त्या चाचाले सांगतलं, अन् मले नाही?" मग डोळे पुसले, मग झटका आला तर काय करायचं ते दोनदा म्हणवून घेतलं. आणि मग एकदम कपाळाला हात लावला.

"कोनाले सांगू नको म्हनतं तं नाही सांगनार मी. पन तुह्या लग्नाचं मी तीन गावांत सांगून बसली. त्याचं काय करू आता?"

आम्ही इतक्या हसलो की बोर्डावर दोन झडपा पडल्या त्या कळल्याच नाहीत.

झटके पुढे कमी होत गेले. लग्नही झालं, सारं विचारून करणाऱ्याशीच. दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी जाण्याआधी विचारलं, "नव्या साहेबांना मी सांगू का?" मी म्हटलं, "नको, मीच सांगेन." आणि पहिल्याच आठवड्यात मी नव्या साहेबांना बाहेर लिंबाखाली चहा पिता पिता सांगितलं. रडू आलं नाही. तेच बिचारे घाबरले. नंतर तासातासाला टेबलाशी येऊन विचारायचे, "बाई, बरं आहे ना?" शेवटी मी त्यांना म्हटलं, "साहेब, आठवड्यातून एकदा विचारलं तरी चालेल." त्यांनी सोमवार धरला. पुढे ते होते तोवर दर सोमवारी बरोबर दहाला विचारायचे, आणि मी बरं आहे म्हटलं की खूश होऊन हजेरीच्या रजिस्टरकडे वळायचे.